उठाबशा मोजणं म्हणजे शिकवणं नव्हे

मुलांच्या व्यायामातलं ज्याला फक्त मोजणं जमतं, त्याला मी प्रशिक्षक मानत नाही. गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल आणि तोंडात आकडे. "पंचवीस झाल्या? अजून पंचाहत्तर बाकी आहेत." समोर बारा-तेरा वर्षांची पोरं कान धरून उठाबशा काढताहेत. कुणाचे गुडघे आत पडलेत, कुणाच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्यात, कुणाची पाठ धनुष्यासारखी वाकलीय. यातलं काहीही त्या माणसाला दिसत नाही, कारण तो बघत नाहीच, तो मोजतोय. शंभर भरले की शिट्टी वाजते आणि या प्रकाराला आपल्याकडे 'स्टॅमिना वाढवणं' म्हणतात. माझ्या भाषेत ही हेळसांड आहे, आणि ती रोज, फी घेऊन, पालकांच्या डोळ्यांदेखत चालते.

मी खो-खो खेळायचे. सोळाव्या वर्षी जिल्हा संघाच्या सराव शिबिरात होते. संध्याकाळचा डाव हरलो म्हणून आम्हा बाराही जणींना सिमेंटच्या कोर्टावर बेडूकउड्यांच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना मांड्या थरथरत होत्या. तशीच पळतीला उतरले. हूल देऊन वळताना पाय मातीत रुतला, गुडघा आत गेला आणि काहीतरी तुटल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला. शिबिरातल्या सरांनी गुडघ्यावर थंड पाणी ओतलं आणि म्हणाले, "नाटकं बंद कर." आत एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरून ठेवणारा अस्थिबंध, तुटला होता. हे कळायला दोन वर्षं गेली. तोवर माझा खेळ संपला होता.

त्या बेडूकउड्यांमुळेच गुडघा गेला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. एक गोष्ट मात्र शपथेवर सांगते. मी चार वर्षं खो-खो खेळले. त्या चार वर्षांत उडीवरून खाली कसं उतरायचं, पळताना वेग कसा मारायचा, वळताना गुडघा पावलाच्या रेषेत कसा ठेवायचा, हे मला एकाही माणसानं शिकवलं नाही. उठाबशा मात्र हजारोंनी काढून घेतल्या. गेली अठरा वर्षं मी एका शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलामुलींचा सराव घेते आहे, आणि आजही माझ्याकडे येणारं प्रत्येक नवं पोर मोजायला शिकून आलेलं असतं, उतरायला शिकून आलेलं नसतं.

आपण व्यायामाला शिक्षा करून ठेवलं आहे, हे मूळ दुखणं. उशीर झाला तर मैदानाला पाच फेऱ्या, गणवेश नसेल तर वीस जोर, वर्गात बोललास तर कोंबडा हो. पहिलीपासून दहावीपर्यंत हेच पाहिलेल्या मुलाला बैठक या शब्दासरशी अपमान आठवतो. त्यालाच पुढे कुणीतरी सांगतं की बैठका मार, पाय मजबूत होतील. तो कशाला ऐकेल? शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. त्याच्या १७व्या कलमानं मुलांना शारीरिक शिक्षा देण्यावर आणि त्यांच्या मानसिक छळावर बंदी घातली आहे. छडी बऱ्याच शाळांतून गेली. तिची जागा उठाबशांनी घेतली आणि त्यांना 'व्यायामच तर आहे' असं नाव देऊन सगळे मोकळे झाले. तो व्यायाम नाही. सवय नसलेल्या पोराकडून एका दमात शेकड्यांनी उठाबशा काढून घेतल्या तर मांडीच्या स्नायूंचे तंतू फुटू शकतात, त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. डॉक्टरांच्या पुस्तकात या आजाराला नाव आहे. मैदानावर त्याला 'पोरगं कच्चं आहे' म्हणतात.

याच शाळा आणि हेच पालक वजन उचलण्याचा विषय निघाला की घाबरतात. दर जून महिन्यात एक तरी आई मला विचारते, "मॅडम, डंबेल्सनं उंची खुंटणार नाही ना?" त्या आईवर माझा राग नाही. तिला कुणी खरं सांगितलेलंच नाही. राग आहे तो स्वतःला प्रशिक्षक म्हणवून हीच भीती पुढे ढकलणाऱ्यांवर. त्यांना वाचायला वेळ होता, त्यांनी वाचलं नाही.

म्हणून नीट सांगते. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात. हाड तिथून लांबतं. हे पट्टे आजूबाजूच्या हाडापेक्षा आणि अस्थिबंधांपेक्षा नाजूक असतात, हे खरं. त्यांना इजा होऊ शकते, हेही खरं. पण ती इजा बहुतेक वेळा पडण्यातून, धडकण्यातून होते. वजनांच्या बाबतीत अशा ज्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांत बहुतेक मुलं कुणाच्या देखरेखीशिवाय, चुकीच्या पद्धतीनं, झेपत नसलेलं वजन उचलत होती. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, बेताच्या वजनानं केलेल्या व्यायामानं मुलांची उंची खुंटते, असा पुरावा नाही. एक काळ असा होता की अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संस्थाही या व्यायामाबद्दल साशंक होती. पुढे अभ्यास होत गेले तशी तिनं भूमिका बदलली, आणि २०२०च्या निवेदनात देखरेखीखालच्या बळाच्या व्यायामाचे फायदे स्पष्ट शब्दांत मांडले. २०१४ साली देशोदेशींच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन हेच सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस तर सरळ आहे: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत.

आता ज्या पालकांना दोन किलोच्या डंबेलची धास्ती वाटते त्यांनी आपल्या लेकराचं दप्तर काट्यावर ठेवावं. केंद्राच्या २०२०च्या धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त असू नये. पस्तीस किलोच्या पोराच्या एका खांद्यावर सहा-सात किलो लटकलेले मी रोज बघते, तेही वाकड्या पाठीनं, तीन जिने चढून. गावाकडे पोरं पाण्याच्या कळशा आणतात, ऊसतोडीच्या फडात आईबापामागे मोळ्या ओढतात. तिथं उंचीची काळजी कुणाला वाटत नाही. मूल उंचावरून उडी मारून उतरतं तेव्हा त्याच्या पायांवर त्याच्याच वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो भार झेलायला पाय तयार करणं म्हणजेच बळाचा व्यायाम. तुम्ही त्याला झाडावर चढू देता, तालमीत घालता, खो-खोत खुंटावर सूर मारू देता. त्या सगळ्यासाठी अंग तयार करायची वेळ आली की मात्र भीती पुढे करता. हे मला मान्य नाही.

दुसरा गैरसमज याच्याच बाजूला बसलेला आहे. लहान मुलांत हार्मोन्स नाहीत, म्हणून त्यांना बळ येणारच नाही, असं सांगणारे अजून आहेत. वयात येण्याआधी स्नायू फुगत नाहीत, इतकंच त्यात खरं आहे. बळ मात्र वाढतं, कारण स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंची घडी बसते. कोणता स्नायू कधी ताठवायचा, कधी सोडायचा, हे शरीर शिकतं. म्हणूनच मी या व्यायामाला शिकवण्याचा विषय मानते. जसं अक्षर, तशीच बैठक. घाईघाईत शंभर वेळा गिरवलेलं वाईट अक्षर वाईटच राहतं, उलट ते हातात पक्कं बसतं.

आता दुसऱ्या टोकाकडे येते, कारण तिथली लूट जास्त निर्लज्ज आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलं जिममध्ये जातात. तिथला ट्रेनर त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारतो, बेंच किती मारतोस? मित्र व्हिडिओ काढायला उभे असतात. पाठ बाकाला टेकलेली नाही, मनगटं मागे झुकलीत, बार छातीवर आपटून वर उसळतोय. कुणी थांबवत नाही, कारण वजन मोठं दिसतंय. पुढच्या महिन्यात पावडरचा डबा येतो. ज्या घरात डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी मिळतात तिथं वाढत्या मुलाला या डब्याची गरज नसते. तरी बाप हजारो रुपये मोजतो, कारण ट्रेनर म्हणाला. त्याहून पुढे इंजेक्शनं आहेत. पालकांनो, हे नीट ऐका. पुरुषी हार्मोनच्या या औषधांनी हाडांच्या टोकांचे पट्टे वेळेआधी बंद होऊ शकतात. उंची खुंटवणारी गोष्ट जिममध्ये खरोखर आहे. ती डंबेलच्या मांडणीवर नाही, ट्रेनरच्या बॅगेत आहे. आणि ती देणाऱ्याला मी गुन्हेगार म्हणते.

क्रिकेट अकादम्यांची वेगळी कथा नाही. तेरा वर्षांचा वेगवान गोलंदाज सकाळी शाळेकडून, दुपारी क्लबकडून, रविवारी अकादमीकडून टाकतो. तिन्ही ठिकाणी त्याचे चेंडू वेगवेगळे मोजले जातात, एकत्र बेरीज कुणीच करत नाही. कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाणं ही तरुण वेगवान गोलंदाजांची जुनी, जगभर माहीत असलेली दुखापत आहे. मुलगा "कंबर दुखते" म्हणतो तेव्हा त्याला स्प्रे मारून परत रन-अपवर पाठवणारा माणूस त्या तड्याला जबाबदार आहे. पोटाचे, पाठीचे, नितंबाचे स्नायू तयार न करता पोराकडून फक्त वेग मागणं म्हणजे पाया न घालता मजले चढवणं.

आणि उंची झपाट्यानं वाढण्याचा तो काळ. मुलींत साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांत चौदाव्या. हाडं पुढे धावतात, स्नायू मागे राहतात. काल ज्याचा हात अचूक बसत होता तो आज धडपडतो. गुडघ्याच्या खालचा उंचवटा दुखायला लागतो, टाच दुखते. अशा वेळी उड्या आणि धावणं कमी करायचं, तोल आणि पद्धत परत शिकवायची, दुखणं सांगणाऱ्या मुलाचं ऐकायचं. आपल्याकडे नेमक्या याच वयात निवड चाचण्या असतात, नेमकं याच वयात 'आळशी झालास' म्हणून जास्तीच्या फेऱ्या मिळतात. मैदानावरून पोरं कायमची नाहीशी होतात ती याच काळात. मुली तर जास्तच. पाळी सुरू झालेली असते, बोलायला बाई प्रशिक्षक नसते, कपडे बदलायला दार असलेली खोली नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. त्या मुलीला धाप लागली तर तिचं रक्त तपासा. फेऱ्या वाढवून रक्त वाढत नाही.

मला विचारतात, मग तुम्ही करता तरी काय? सांगते, कारण यात गुपित काही नाही.

नव्या मुलाला मी पहिले दोन आठवडे वजन देत नाही. झाडूची काठी देते. काठी पाठीला लावायची, डोकं, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेलं ठेवून कमरेतून वाकायचं. काठी सुटली की चूक त्यांची त्यांनाच कळते. मग बाकावर बसून उठणं, पुढे बाक काढून बैठक. जोर आधी भिंतीवर, मग पायरीवर, मग जमिनीवर. त्यानंतर वाळूची पिशवी, हलके डंबेल्स, मेडिसिन बॉल. एका व्यायामाची एक ते तीन आवर्तनं, प्रत्येकात सहा ते पंधरा वेळा, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. पंधरा वेळा सुरेख जमू लागलं की वजन पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायचं. पद्धत बिघडली की तिथंच थांबायचं, मग आकडा सात असो नाहीतर अकरा. एकदाच जास्तीत जास्त किती उचलतोस, ही स्पर्धा माझ्या मैदानावर होत नाही. ज्याला फिट्स येतात, हृदयाचा त्रास आहे किंवा रक्तदाब जास्त आहे, त्यानं आधी डॉक्टरांना दाखवायचं. सात-आठ वर्षांचं मूल, सांगितलेलं ऐकून तसं करू लागलं की, यातलं बरंचसं करू शकतं.

आणि ते हसत करू शकतं. लंगडी हा आपला खेळ. एका पायावर उडी, उतरणं, तोल, वळणं, सगळं त्यात आहे. दहा मिनिटं लंगडीचा डाव खेळवला तर पायाला जे मिळतं ते शंभर उठाबशांत नाही. रस्सीखेच आहे. एकानं पाय धरून दुसऱ्यानं हातांवर चालायची ढकलगाडी आहे. अस्वलचाल, खेकडाचाल आहे. लोखंडी साखळीची जड लेझीम आहे. ती पंधरा मिनिटं ठेक्यात खेळून दाखवा, मग खांदे काय म्हणतात ते सांगा. मल्लखांब आहे. तिथं अढी पक्की बसल्याशिवाय जाणता शिक्षक पोराला पुढचं काही करू देत नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. दादरच्या शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून मुलांना घडवतं आहे. पायरीपायरीनं शिकवणं आपल्याला परकं नाही. आपण ते आळसानं सोडलं.

उतरणं मी कानांनी शिकवते. मुलं ओट्यावरून उडी मारतात आणि बाकीच्यांनी पाठ करून फक्त ऐकायचं. धप्प असा आवाज आला तर परत. मऊ आवाज आला तर टाळ्या. आठ वर्षांच्या पोरांनासुद्धा हा खेळ सोडवत नाही. गुडघे वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून, चवड्यांवरून उतरलं तरच आवाज येत नाही, हे त्यांचं शरीर आपोआप शिकतं. ज्या खेळांत उड्या आणि झपकन वळणं असतात, त्यांत एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा काही पटींनी जास्त आहे. आणि उतरणं, वळणं, बळ आणि तोल यांचा नियमित सराव घेतला तर ते जवळजवळ निम्म्यावर येतं, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. फुटबॉलवाल्यांनी ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी वीसएक मिनिटांचा असाच कार्यक्रम बसवला. युरोपातल्या चार देशांत जवळजवळ ४,००० मुलांवर तो तपासला तेव्हा दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. वीस मिनिटं! माझा गुडघा वाचवायला कदाचित तेवढीच पुरली असती.

यावर मला ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं. "आम्हीही असंच खेळलो, काय झालं आम्हाला?" हे म्हणणारा माणूस टिकलेला असतो, म्हणूनच तो बोलायला समोर असतो. त्याच्याबरोबरचे जे गुडघे धरून, कंबर धरून, अपमान गिळून घरी बसले, त्यांना सत्काराला कुणी बोलावत नाही. एका विजेत्याकडे बोट दाखवून चाळीस पोरांची नासाडी झाकता येत नाही. दुसरं उत्तर, "कष्टाशिवाय खेळाडू होत नाही." अगदी खरं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. कष्टांशिवाय तिथं कोण पोचलं असतं? पण कष्टाला दिशा लागते. शेतकरीही कष्ट करतो, म्हणून तो पेरणीआधी कापणी करत नाही.

"सुविधा नाहीत" हे तिसरं उत्तर मी ऐकूनच घेत नाही. काठी, ओटा, वाळू भरलेली पिशवी आणि बघणारे दोन डोळे. यातलं कुठल्या शाळेत मिळत नाही? कमी आहे ती बघणाऱ्या डोळ्यांची, आणि त्यांना अनुदान लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. शाळांनी व्यायामाची शिक्षा आजपासून बंद करावी. क्रीडा संघटनांनी शिबिरात प्रशिक्षक नेमताना त्यानं जिंकलेली पदकं विचारावीत, आणि सोबत हेही विचारावं की गेल्या वर्षी तुझ्या हाताखालची किती मुलं जखमी झाली, किती सोडून गेली. ज्याच्याकडे याची नोंद नाही त्याला मुलं देऊ नयेत. अकादमीनं एका माणसाच्या अंगावर साठ मुलं टाकू नयेत. आणि पालकांनी फी भरण्याआधी तिथं अर्धा तास उभं राहावं.

उभं राहून काय बघायचं, असं विचारतात. काही बघू नका. मैदानाच्या भिंतीला पाठ लावा, डोळे मिटा आणि ऐका. नुसते आकडे आणि शिट्टी ऐकू आली तर मुलाचा हात धरून घरी जा. मुलांची नावं ऐकू आली, "टाच टेकव", "छान, आता थांब" असं ऐकू आलं, पोरांचं हसू ऐकू आलं, आणि उड्या चालू असूनही पावलांचा आवाज आला नाही, तर डोळे उघडा आणि तिथंच नाव नोंदवा.